सरावलीच्या वर्गातील इतिहास आणि नागरिकशास्त्र

महाराष्ट्रातील शालेय शिक्षणात सहावी, सातवी आणि आठवी या तीन इयत्तांना उच्च प्राथमिक स्तर म्हटले जाते, आणि राज्याचा व देशाचा इतिहास, तसेच गावापासून संसदेपर्यंतची शासनव्यवस्था मुलांपुढे क्रमाने मांडली जाते ती याच स्तरावर. या वयात मूल गोष्ट ऐकून थांबत नाही, तर ती खरी कशावरून, असे विचारू लागते; घरातला, शाळेतला आणि गावातला अधिकार कोणाकडे आहे आणि तो त्याच्याकडे का आहे, हेही त्याला याच काळात कळू लागते. म्हणून या तीन वर्षांत इतिहास आणि नागरिकशास्त्र कसे शिकवले जाते, यावर पुढच्या नागरिकाची घडण बऱ्याच अंशी अवलंबून असते. परंतु प्रत्यक्षात हेच दोन विषय सनावळ्या, कलमे आणि सदस्यसंख्या पाठ करण्याचे विषय म्हणून बदनाम झालेले आहेत.

पालघर तालुक्यातील सरावली आणि तिच्या भोवतालचा बोईसर–तारापूर परिसर या प्रश्नाचा विचार करण्यास विशेष सोयीचा आहे. बोईसरला लागून असलेल्या या गावाच्या शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, समुद्राच्या बाजूला देशातील पहिले अणुऊर्जा केंद्र आहे, पश्चिम रेल्वेचा मार्ग जवळून जातो, आणि पूर्वेकडे वारली, कातकरी, मल्हार कोळी आदी आदिवासी समाजांचा डोंगराळ पट्टा सुरू होतो. किनाऱ्यावर मांगेला, वाडवळ, भंडारी समाजांची जुनी वस्ती आहे, तर कारखान्यांच्या निमित्ताने उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, गुजरात येथून आलेल्या कुटुंबांची मुलेही त्याच वर्गांत बसतात. पाठ्यपुस्तकात ‘समाजातील विविधता’ या नावाचा जो पाठ आहे, तो येथे हजेरीपटावरच वाचता येतो.

तीन वर्षांची मांडणी

राज्य मंडळाच्या शाळांसाठी पाठ्यपुस्तके तयार करणारी संस्था, म्हणजे 1967 मध्ये पुण्यात स्थापन झालेली आणि ‘बालभारती’ या नावाने परिचित असलेली महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ ही संस्था, इतिहास आणि नागरिकशास्त्र यांचे एकत्रित पुस्तक काढते. 2016 ते 2018 या काळात आलेल्या पुस्तकांत सहावीला प्राचीन भारत आणि स्थानिक शासन, सातवीला मध्ययुगीन भारत, त्यातही प्रामुख्याने मराठ्यांचा इतिहास, आणि सोबत संविधानाची ओळख, तर आठवीला आधुनिक भारत आणि संसदीय शासनपद्धती अशी विभागणी आहे. इतिहास दूरच्या काळाकडून जवळच्या काळाकडे येतो आणि नागरिकशास्त्र जवळच्या ग्रामपंचायतीकडून दूरच्या संसदेकडे जाते. त्यामुळे दोन्ही प्रवाह आठवीच्या अखेरीस स्वतंत्र भारत आणि महाराष्ट्र राज्य या ठिकाणी एकत्र येतात. योजना म्हणून ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे.

या तिन्ही पुस्तकांचा आणखी एक गुण सहसा दुर्लक्षित राहतो. तिन्ही इयत्तांत ‘इतिहासाची साधने’ हा पाठ सुरुवातीलाच येतो. साधने म्हणजे ज्यांच्या आधारे भूतकाळाविषयी विधान करता येते ते पुरावे: नाणी, इमारती, शस्त्रे ही भौतिक साधने, शिलालेख, ताम्रपट, पत्रे, बखरी ही लिखित साधने, आणि ओव्या, पोवाडे, लोककथा ही मौखिक साधने. आठवीला त्यांत छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे आणि चित्रपट यांची भर पडते. परीक्षेच्या दृष्टीने या पाठातून ‘साधनांचे प्रकार किती व कोणते’ एवढाच प्रश्न निघत असल्यामुळे तो पंधरवड्यात उरकला जातो आणि पुढच्या पाठांतील एकाही विधानाला ‘हे कोणत्या साधनावरून कळले?’ असे विचारले जात नाही. वास्तविक हा पाठ वर्षभर हाताशी ठेवायचा आहे, कारण त्याच्याशिवाय उरलेले सर्व पाठ केवळ सांगोवांगीच्या गोष्टी ठरतात.

शेजारच्याच अणुऊर्जा वसाहतीतील केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत शिकणारी मुले मात्र राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीईआरटीची, समाजविज्ञानाची पुस्तके वाचतात. त्यांत देशाचा पट मोठा आणि राज्याचा इतिहास मोजका असतो. मराठ्यांना तेथे दीर्घकाळ फार थोडी जागा होती आणि 2025 मध्ये आलेल्या आठवीच्या नव्या पुस्तकात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आले. उलट राज्य मंडळाच्या सातवीच्या पुस्तकात मराठ्यांचा इतिहास मध्यवर्ती आहे आणि सुलतानशाही व मोगल यांचा भाग आटोपशीर झाला आहे, ज्यावर 2017 मध्ये बरीच टीकाही झाली. एकाच गावातील दोन मुले अशा प्रकारे एकाच देशाचा वेगवेगळ्या मापाचा इतिहास शिकतात. राज्य आणि राष्ट्र यांचे प्रमाण किती असावे हा वाद जगभर चालतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात सातवीला स्वतंत्रपणे राज्याचाच इतिहास शिकवला जातो. परंतु पृष्ठसंख्येच्या या वादात तिसरी गोष्ट हरवते, ती म्हणजे मूल ज्या जमिनीवर उभे आहे तेथे राज्य आणि राष्ट्र दोघांचाही इतिहास घडलेला असतो.

ताम्रपटापासून किल्ल्यापर्यंत

तारापूरला लागून खाडीपलीकडे असलेल्या चिंचणी येथे विसाव्या शतकाच्या मध्यास काही ताम्रपट सापडले. ताम्रपट म्हणजे राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने दिलेल्या दानाची नोंद करणारा, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला लेख. तो दान घेणाऱ्याकडे हक्काचा पुरावा म्हणून राहत असे. चिंचणीच्या ताम्रपटांपैकी एक शके 848, म्हणजे इसवी सन 926 मधील असून तो राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील आहे. त्यावरून असे कळते की, संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाण परिसराचा, कारभार राष्ट्रकूटांनी मधुमती नावाच्या एका ‘ताजिक’ अधिकाऱ्याकडे सोपवला होता. ताजिक हा शब्द त्या काळी अरबांसाठी वापरला जाई आणि मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप मानले जाते. या अधिकाऱ्याने प्रवाह ओलांडण्यासाठी विनामूल्य होड्यांची सोय केली, वाटसरूंना तांदूळ, कालवण व तूप मिळेल असे अन्नछत्र घातले, आणि त्याच्या संमतीने एका ब्राह्मणाने स्थापलेल्या देवीच्या मठिकेला जमिनीचे दान मिळाले.

सहावीच्या मुलासमोर हा एक लेख ठेवला, तर त्यातून किती प्रश्न निघू शकतात ते पाहण्यासारखे आहे. मान्यखेटच्या राष्ट्रकूट राजाचा अधिकार उत्तर कोकणच्या किनाऱ्यापर्यंत कसा पोहोचत होता? अरबी समुद्रावरील व्यापारामुळे परदेशी वंशाचा माणूस येथे अधिकारी कसा झाला? दान धर्मकार्याला दिले, पण त्याची नोंद तांब्यावर का केली? नावाडी आणि अन्नछत्र ही आजच्या भाषेत सार्वजनिक सेवा मानली, तर तिचा खर्च कोण करत होते? आणि शेवटी, ज्यांची शेते त्या दानात गेली त्या शेतकऱ्यांविषयी हा लेख काय सांगतो आणि काय सांगत नाही? राजांची नावे पाठ करून जे कळत नाही, ते या एका पत्र्यावरच्या काही ओळींतून कळते; शिवाय कोणतेही साधन सर्व काही सांगत नाही, हा इतिहासाचा मूळ धडाही मिळतो.

असेच दुसरे साधन याच जिल्ह्यात नालासोपारा येथे आहे. प्राचीन शूर्पारक बंदराच्या या जागी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही येथूनच मिळाला. सहावीच्या पुस्तकातील मौर्य साम्राज्याचा नकाशा मुलांना पाटलीपुत्राभोवती फिरताना दिसतो, परंतु त्या साम्राज्याची आज्ञा दगडावर कोरून पश्चिम किनाऱ्यावर उभी केली होती, आणि ती जागा त्यांना लोकलने जाऊन पाहता येण्याजोगी आहे.

सातवीच्या इतिहासासाठी तारापूरचा किल्ला आहे. गुजरातच्या बहादूरशाहाकडून 1534 मध्ये वसई मिळाल्यानंतर पोर्तुगिजांनी या किनाऱ्यावर किल्ल्यांची आणि ठाण्यांची साखळी उभी केली. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही तिची ठिकाणे होत. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली 1737 मध्ये सुरू झालेल्या मराठ्यांच्या मोहिमेत ही ठाणी क्रमाने घेतली गेली, जानेवारी 1739 मध्ये तारापूर पडले आणि त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर कामी आले, तर मे 1739 मध्ये वसईचा किल्ला शरण आला. पुस्तकात वसईची मोहीम थोडक्यात येते. पण उत्तरेकडची ठाणी आधी का घेतली, किनाऱ्यावरच्या किल्ल्याला रसद कोठून येई, पावसाळ्यापूर्वी वेढा संपवण्याची घाई का होती, हे प्रश्न किल्ल्याच्या तटाजवळ उभे राहून विचारले तर युद्ध ही केवळ शौर्याची गोष्ट न राहता भूगोल, पैसा आणि हवामान यांचा हिशेब होतो. मराठी बाजूची पत्रे, बखर आणि पोर्तुगीज कागदपत्रे यांत एकाच घटनेचे वर्णन वेगळे का असते, हेही या वयाच्या मुलांना समजावून सांगता येते. बखर म्हणजे घटनेनंतर, बहुधा कोणाच्या तरी आज्ञेने लिहिलेला वृत्तांत. लढाईच्या दिवशी लिहिलेले पत्र आणि काही वर्षांनी लिहिलेली बखर यांचे वजन सारखे नसते.

1942 आणि 1945

आठवीच्या पुस्तकात ‘छोडो भारत’ चळवळीचा पाठ आहे. 8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांची धरपकड झाली आणि नेत्यांवाचून चळवळ गावोगाव पसरली, एवढे मुले वाचतात. नंदुरबारच्या शिरीषकुमारचे नावही मराठी मुलांना ठाऊक असते. असेच त्यांच्या स्वतःच्या तालुक्यातही घडले: ठरावानंतर अवघ्या सहा दिवसांनी, 14 ऑगस्ट 1942 रोजी, पालघरच्या कचेरीवर तिरंगा फडकवण्यासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी आणि सुकुर मोरे हे पाच जण हुतात्मे झाले. पालघरच्या हुतात्मा चौकात दरवर्षी त्यांना मानवंदना दिली जाते आणि परिसरातील शाळांची मुले तेथे जातात.

मानवंदना ही स्मरणाची रीत आहे, अभ्यासाची नव्हे, आणि दोन्हींची गरज वेगळी आहे. वर्गात विचारायचे ते असे: मुंबईतील ठरावाची बातमी मासेमारी करणाऱ्या आणि भातशेती करणाऱ्या गावांपर्यंत इतक्या लवकर कशी पोहोचली? मोर्चाने कचेरीच का निवडली? तालुक्याची कचेरी म्हणजे महसूल, दंडाधिकार आणि कोषागार एकत्र असलेले ठिकाण, सामान्य माणसाला दिसणारे सरकारचे सर्वांत जवळचे रूप, हे कळले की चळवळीचा अर्थही कळतो आणि नागरिकशास्त्रातील प्रशासनाचा पाठही त्याला जोडला जातो. आठवीतील मुलांच्या पणजोबांच्या पिढीने ही घटना पाहिली असल्यामुळे घराघरांत तिच्या आठवणी असण्याची शक्यता आहे. त्या नोंदवून घेणे आणि एकमेकांशी ताडून पाहणे हा मौखिक साधनांचा खरा स्वाध्याय होय.

तीनच वर्षांनी याच जिल्ह्याच्या पूर्व भागात दुसरा लढा उभा राहिला, ज्याला पाठ्यपुस्तकात फारशी जागा मिळत नाही. जमीनदारांकडे वेठीने राबणाऱ्या, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी ‘लग्नगडी’ म्हणून आयुष्यभर बांधले गेलेल्या वारली आदिवासींनी 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या मार्गदर्शनाखाली, किसान सभेच्या लाल बावट्याखाली, वेठ नाकारली. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकरांनी या लढ्याचा वृत्तांत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला, ज्याला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हा इतिहास सातवीच्या नागरिकशास्त्राशी थेट जुळतो, कारण संविधानातील शोषणाविरुद्धच्या हक्काचे तेविसावे कलम वेठबिगारीला मनाई करते आणि 1976 मध्ये तिच्या उच्चाटनाचा स्वतंत्र कायदा झाला. कलम 23 पाठ करणाऱ्या मुलाला ते कलम ज्यांच्या आयुष्यामुळे आवश्यक ठरले ती माणसे शेजारच्या तालुक्यातील होती हे कळले, तर मूलभूत हक्क ही पाठांतराची यादी राहत नाही. पालघरचा मोर्चा परकीय सत्तेविरुद्ध होता आणि तलवाड्याचा जमाव आपल्याच भागातील जमीनदारीविरुद्ध उभा होता. स्वातंत्र्य या शब्दाने दोन्ही ठिकाणी काय अभिप्रेत होते, याची तुलना आठवीच्या वर्गाला झेपणारी आहे.

दुभंगलेला तालुका

आठवीच्या इतिहासाचा शेवट महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीने होतो. राज्य पुनर्रचनेनंतर 1 नोव्हेंबर 1956 रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य झाले, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली, हा क्रम मुंबई आणि तेथील हुतात्मा चौक यांच्याभोवती सांगितला जातो. मात्र त्या दिवशी सीमारेषा प्रत्यक्ष आखली गेली ती तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. उंबरगाव तालुका दुभंगला. त्याची बरीच गावे गुजरातमध्ये सुरत जिल्ह्याला जोडली गेली, उरलेली आधी डहाणू तालुक्यात आली आणि 1961 मध्ये त्यांचा तलासरी हा वेगळा महाल झाला. चिंचणीच्या ताम्रपटात ज्या संयानचा कारभार आहे ते संजाण या वाटणीत गुजरातमध्ये गेले, तर त्याच्या कारभाराचा पुरावा महाराष्ट्रात राहिला. राज्याच्या सीमा माणसांनी, भाषेच्या आणि लोकसंख्येच्या आधारे, वाटाघाटीने ठरवलेल्या असतात आणि त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकच बोली बोलणारी माणसे राहू शकतात, हे याहून स्पष्ट उदाहरणाने शिकवणे अवघड आहे.

हाच क्रम पुढे नेता येतो. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांचा पालघर हा राज्यातील छत्तिसावा जिल्हा झाला. आज सहावी ते आठवीत असलेली मुले जवळजवळ जिल्ह्याच्याच वयाची आहेत. मोखाड्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्याला जाण्याऐवजी पालघरला जावे लागणे, याने काय सोपे झाले आणि काय तसेच राहिले, हा त्यांच्यासाठी चालू इतिहासाचा प्रश्न आहे.

हे कोणाचे काम?

इतिहासात ‘कशावरून?’ हा जसा मूळ प्रश्न, तसा नागरिकशास्त्रात ‘हे कोणाचे काम?’ हा मूळ प्रश्न होय. सहावीच्या पुस्तकात ग्रामपंचायतीचे सदस्य लोकसंख्येनुसार सात ते सतरा असतात, तिच्या वरती पंचायत समिती आणि जिल्हा परिषद असते, असा जो त्रिस्तरीय पंचायतराज व्यवस्थेचा आराखडा येतो, तो 1958 चा ग्रामपंचायतींचा कायदा, 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आणि 1993 मध्ये अमलात आलेली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती यांवर उभा आहे. आराखडा बरोबर असला तरी सरावलीच्या मुलाला दिसणारे सरकार त्याहून गुंतागुंतीचे असते.

त्याच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचाच विचार केला, तर गल्लीतील दिवा, गटार आणि कचरा हे ग्रामपंचायतीचे काम. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची. औद्योगिक वसाहतीच्या आतील रस्ते आणि पाणी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे, जे 1962 मध्ये स्थापन झालेले राज्य शासनाचे महामंडळ आहे. कारखान्याच्या धुराची व सांडपाण्याची तपासणी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. पोलीस ठाणे राज्याचे. रेल्वे स्थानक केंद्राचे. आणि 1969 मध्ये सुरू झालेले तारापूरचे अणुऊर्जा केंद्रही केंद्राचेच, कारण संविधानाच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे आणि अणुऊर्जा हे विषय संघसूचीत, तर पोलीस आणि स्थानिक शासन हे विषय राज्यसूचीत आहेत. संघसूची म्हणजे ज्यांवर संसद कायदे करते त्या विषयांची यादी, राज्यसूची म्हणजे राज्य विधिमंडळाच्या विषयांची यादी, आणि समवर्ती सूचीतील विषयांवर दोघेही कायदे करू शकतात; शिक्षण हा विषय 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत आला. ही तीन नावे फळ्यावर लिहून पाठ करून घेण्यापेक्षा, मुलांनी वाटेवरच्या दहा गोष्टींची यादी करून प्रत्येकीपुढे जबाबदार संस्थेचे नाव लिहायचे, असा साधा स्वाध्याय दिला, तर संघराज्य म्हणजे काय हे त्यांना स्वतःच्या वहीत सापडते. गटाराचे पाणी वसाहतीच्या हद्दीतून गावाच्या हद्दीत आले की तक्रार कोठे करायची, हा प्रश्न या यादीतून आपोआप निघतो, आणि दोन संस्थांच्या हद्दींमध्ये नागरिक कसा अडकतो हेही दिसते. बोईसर परिसराची वस्ती शहराएवढी वाढल्यावर कारभार ग्रामपंचायतीने करावा की नगरपरिषदेने, हा येथे वर्षानुवर्षे चाललेला वाद सहावीतील ‘ग्रामीण’ आणि ‘शहरी’ स्थानिक शासनाच्या दोन पाठांना एकत्र आणतो.

ग्रामसभा ही या व्यवस्थेतील अशी जागा आहे जी मुलाला प्रत्यक्ष पाहता येते. गावच्या मतदारयादीतील सर्व मतदार मिळून ग्रामसभा होते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या सभा रूढ आहेत, आणि सभा भरण्यासाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी कमी असेल तेवढी उपस्थिती, म्हणजे गणपूर्ती, लागते. हजारो मतदारांच्या गावात शंभर माणसेही जमत नाहीत तेव्हा काय होते, हे मुलांनी पाहण्यासारखे आहे. पालघर जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रातील गावांमध्ये या सभेला आणखी अधिकार आहेत. 1996 चा पेसा कायदा आणि त्याखालील राज्याचे 2014 चे नियम यांनुसार पाड्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते आणि गौण वनोपज, पाणी, जमीन यांविषयी तिचे मत विचारात घ्यावे लागते. पुस्तकात हा भाग थोडक्यात येतो. या जिल्ह्यातील मुलांसाठी तो मुख्य पाठ असायला हवा.

पुस्तकाच्या मर्यादाही या निमित्ताने मुलांना सांगता येतात. सरपंचाची निवड सदस्यांनी करायची की थेट मतदारांनी, हा नियम महाराष्ट्रात 2017, 2020 आणि 2022 असा तीनदा बदलला. त्यामुळे 2016 च्या पुस्तकावर विसंबणाऱ्या शिक्षकालाही कायदा पुन्हा तपासावा लागतो. शासन ही बदलणारी गोष्ट आहे आणि ती कोण, का बदलते हे पाहणे म्हणजेच नागरिकशास्त्र, हे मुलांना याहून चांगले कसे कळणार?

वादाचे विषय वर्गात आणावेत का?

या परिसरात नागरिकशास्त्र शिकवताना वाद टाळता येत नाहीत. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलवावी लागली. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले, आणि वाढवण बंदराच्या प्रस्तावाचा निर्णय त्याच प्राधिकरणापुढे झाला. मच्छीमारांचा विरोध कायम असताना 30 ऑगस्ट 2024 रोजी त्या बंदराची पायाभरणी झाली. औद्योगिक सांडपाण्याच्या प्रश्नावर मच्छीमारांची संघटना राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. संसद, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ, जनहित याचिका या आठवीतील सर्व संज्ञा येथे वर्तमानपत्राच्या पानावर भेटतात.

शिक्षकांना अशा विषयांची धास्ती वाटते, आणि ती निराधार नाही, कारण एकाच वर्गात कारखान्यातील कामगाराचे, बोटीवर जाणाऱ्याचे आणि प्रकल्पात जमीन गेलेल्याचे मूल असते. त्यावर उपाय मौन हा नव्हे, तर पद्धत हा आहे. शिक्षकाने निकाल सांगू नये. निर्णय कोणी घेतला, कोणत्या अधिकाराने घेतला, कोणाचे म्हणणे ऐकले, ज्याला तो मान्य नाही त्याला दाद कोठे मागता येते, एवढ्या चार गोष्टी शोधायला लावाव्यात. यांची उत्तरे कोणत्याही पक्षाची नसतात, आणि ती शोधताना मूल आपल्या घरातील मताविषयीही थोडे तटस्थ होते.

उलट बाजूचा धोकाही लक्षात घेतला पाहिजे. स्थानिक इतिहास शिकवायचा म्हणजे गावाचा गौरव गायचा, असा समज झाला की ‘आपला किल्ला, आपले वीर’ यापलीकडे अभ्यास जात नाही, आणि बाहेरून आलेल्या कामगाराच्या मुलाला तो इतिहास परका वाटू लागतो. चिंचणीचा ताम्रपट अशा वेळी उपयोगी पडतो, कारण हजार वर्षांपूर्वीही हा किनारा बाहेरून आलेल्या माणसांचा होता, हे तो लेखी पुराव्यानिशी सांगतो.

अडचणी आणि आधार

हे सर्व करण्यात अडचणी आहेत. इतिहास व नागरिकशास्त्राला आठवड्यात मोजक्या तासिका मिळतात; एकाच पदवीधर शिक्षकाकडे अनेकदा सर्व समाजशास्त्रे आणि भाषाही असतात; सर्वेक्षणे, निवडणुका व अहवाल यांत वेळ जातो; आणि 2023–24 पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाल्यामुळे प्रश्नपेढीकडे ओढा वाढला आहे. घरी वारली, हिंदी, भोजपुरी किंवा ओडिया बोलणाऱ्या मुलांसाठी ‘उद्देशिका’, ‘सार्वभौम’, ‘विधिमंडळ’ हे शब्द नव्या भाषेचेच शब्द असतात, त्यामुळे संज्ञा आधी वस्तूतून आणि मग व्याख्येतून शिकवावी लागते.

परंतु परिसरातून शिकवण्याची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलेले बालशिक्षणाचे काम याच जमिनीत रुजले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात नेण्याची त्यांची कल्पना अंगणवाडी आणि कुरणशाळा या रूपाने साकारली. त्यांनी शिशुवयात जे केले ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी करायचे, तर वेगळ्या निधीची किंवा नव्या पुस्तकाची वाट पाहावी लागत नाही. वर्षातून एक साधन, एक ग्रामसभा आणि एक मुलाखत एवढे तीन उपक्रम प्रत्येक इयत्तेने पार पाडले, शाळांच्या केंद्रातील शिक्षकांनी मासिक शिक्षण परिषदेत आपापल्या गावची माहिती एकमेकांना दिली, आणि घटक चाचणीत निदान एक प्रश्न ‘कशावरून?’ असा व एक ‘कोणाचे काम?’ असा ठेवला, तरी विषयाचे रूप बदलेल. कारण मुले तेच शिकतात जे परीक्षेत विचारले जाते, ही अभ्यासक्रमाची मर्यादा असली तरी शिक्षकाच्या हातचे साधनही आहे.

पालकांचा वाटाही लहान नाही. ग्रामसभेच्या दिवशी मुलाला सोबत नेणे, आजी-आजोबांची आठवण त्याला वहीत उतरवून घेऊ देणे, आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाला ‘तुला काय करायचेय?’ असे उत्तर न देणे, एवढे केले तरी पुरेसे आहे. आठवी संपवणारे मूल चार-पाच वर्षांत मतदार होते, आणि गावच्या ग्रामसभेची गणपूर्ती व्हायची की नाही, हे तेव्हा त्याच्याच हाती असते.